शाळा नऊ वाजता भरते

मित्रांनो, फळा, खडू, घंटा ही सगळी तुमच्या ओळखीची असतात. मला मात्र तुम्ही पाहिलेले नसेल. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका मराठी प्राथमिक शाळेचे जुने शेरेबुक आहे. शाळा तपासायला साहेब येतात आणि त्यांना जे दिसते ते माझ्यात लिहून खाली सही करतात. शाळा किती वाजता भरते, मुलांना वाचता येते का, पाण्याची टाकी धुतलेली आहे का, हे सारे माझ्या पानांवर असते. मुलांनी मला हात लावायचा नाही असा नियम आहे. म्हणून तुमच्याविषयी इतके लिहिलेले असूनही आपली भेट होत नाही.

माझा जन्म कॅम्प तीनच्या बाजारातला. शिलाई मशीनच्या दुकानाशेजारी एक बाइंडर बसायचा. त्याने दोनशे पाने दोऱ्याने शिवली, पाठीला लाल कापड चिकटवले आणि वर जाड खाकी पुठ्ठा लावला. शाळेत आल्यावर तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी माझ्या प्रत्येक पानावर हाताने आकडा घातला. पहिल्या पानावर त्यांनी दाखला लिहिला की या पुस्तकात एक ते दोनशे पाने आहेत. असा दाखला असला की मधले पान कुणाला काढता येत नाही. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

पहिली काही वर्षे फार चांगली गेली. त्या वेळी एक साहेब स्कूटरवरून यायचे, न कळवता. मुले यायच्या आधी ते फाटकाबाहेर उभे असायचे. एकदा त्यांनी माझ्यात लिहिले, ‘दुसरीच्या वर्गात छत गळते. मुले भिंतीकडे सरकून बसतात. त्यामुळे मागच्या बारा मुलांना फळा दिसत नाही.’ बारा मुले त्यांनी मोजली होती. महिन्याभराने ते पुन्हा आले, छताखाली उभे राहून वर पाहिले आणि मगच ‘दुरुस्ती झाली’ असे लिहिले. जाताना म्हणाले, ‘‘शेरेबुक छान ठेवलंय हो.’’

ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतरचे साहेब अकराच्या सुमाराला येऊ लागले, तेही फोन करून. मला टेबलावर उघडून ठेवलेले असायचे, शेजारी चहा आणि बिस्किटे. साहेब विचारायचे, ‘‘काय लिहू, सर?’’ मुख्याध्यापक सांगायचे आणि साहेब लिहायचे. ‘भेट दिली. कामकाज समाधानकारक.’ समाधानकारक हा शब्द मी अकरा वेगवेगळ्या अक्षरांत वाचला आहे. बाकीचे दिवस मी कपाटात असायचे. ते कपाट खिडकीशी आहे, खिडकीसमोर शाळेचे फाटक आहे आणि कपाटाचे दार नीट लागत नाही. म्हणून मला पुढचे सारे ऐकू आले आणि दिसलेही.

आता तुम्हाला दोन नियम सांगायला हवेत. पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला निदान आठशे तास शिकवले पाहिजे, हा एक नियम. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हा दुसरा. दुसऱ्या नियमाचे परिपत्रक नुकतेच आले. आमच्या इमारतीत दुपारी सव्वाबाराला हायस्कूल भरते, त्यामुळे प्राथमिकच्या मुलांना बारापर्यंत बाहेर पडावेच लागते. नऊला शाळा भरवली तर आठशे तास भरत नाहीत. सातला भरवली तर परिपत्रक मोडते. मुख्याध्यापक सोनटक्के सरांनी सवलत मिळावी म्हणून वर अर्ज पाठवला. उत्तर आले नाही. मग सरांनी आपला मार्ग काढला. भिंतीवरच्या वेळापत्रकात ‘९.००’ असे रंगवून घेतले आणि शाळा आधीसारखी सकाळी सात दहाला भरत राहिली.

परिपत्रकानंतर विस्तार अधिकारी साहेब आले, अर्थात अकराला. भिंत वाचून त्यांनी माझ्या सदुसष्टाव्या पानावर लिहिले, ‘शाळा सकाळी नऊ वाजता भरते. परिपत्रकाचे पालन होत आहे.’ पालकांच्या वतीने एक सही घेऊन ठेवा, असे सांगून ते गेले.

पालक समितीवर शंकरराव होते. तिसरीतल्या रुचिकाचे आजोबा. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे टाइमकीपर म्हणून काम केले होते. कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे लिहिण्याची ती नोकरी. पूर्वी ते शाळेजवळच राहायचे. पुढे त्यांच्या मुलीने, यशोधराने, पालेगावात घर घेतले, तरी रुचिकाला आमच्याच शाळेत ठेवले, कारण यशोधरा स्वतः इथेच शिकली होती. यशोधराची नोकरी बदलापूरला, सकाळच्या पाळीची. म्हणून रुचिकाला शेअर रिक्षाने आणून सोडायचे काम आजोबांचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला वर्गात पाठवून ते कार्यालयात आले. सरांनी मला त्यांच्यापुढे सरकवले. शंकररावांनी चष्मा पुसला आणि वाचले.

‘‘सर, वेळ चुकलीय यात.’’

‘‘माहितीये हो. कागदावर राहू द्या.’’

‘‘कागदावरच तर नाही चालत. मी जन्मभर तेच काम केलं.’’

‘‘शंकरराव, तुमचा कारखाना होता, ही शाळा आहे. पट आधीच एकशे चारवर आलाय. आपण नियम मोडतो असं वर गेलं तर मान्यतेलाच हात घालतील. मग रुचिकाला कुठे घालणार? आजूबाजूला मराठी शाळा दाखवा मला एक. सगळी इंग्लिश मीडियम.’’

शंकररावांनी ते पान पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी सही केली आणि सहीच्या बाजूला बारीक, सरळ अक्षरात लिहिले, ‘स. ७.२५’.

‘‘हे कशाला?’’ सर म्हणाले.

‘‘सवय आहे. वेळ टाकल्याशिवाय सही केल्यासारखं वाटत नाही.’’

सर हसले. ‘‘तुम्ही पण ना!’’ आणि त्यांनी मला मिटले.

मित्रांनो, आमच्या शाळेत फाटकाची एक पद्धत आहे. सात दहाची घंटा झाली की जनाबाई मावशी कुलूप लावतात आणि किल्ली सरांना देतात. उशिरा आलेली मुले पावणेआठपर्यंत बाहेर उभी राहतात. मग त्यांना आत घेतात आणि मैदानात अंगठे धरायला लावतात. मावशी बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून पहाटे निघून येतात. किल्ली एकदा दिली की त्यांच्या हातात काही उरत नाही.

एप्रिलमधली गोष्ट. रुचिकाने नंतर मावशींना सांगितले की त्या दिवशी पालेगावच्या नाक्यावर रिक्षाला चौथे माणूस मिळेना. शंकरराव चौथ्या माणसाचे भाडे द्यायला तयार होते, तरी रिक्षावाला ‘एक मिनट, चाचा, एक मिनट’ करत राहिला. पुढे रस्त्यात खोदकाम होते. रिक्षा अलीकडेच थांबली आणि ते नातीचे दप्तर खांद्याला लावून धावत आले. सत्तरी ओलांडलेला माणूस धावत होता, रुचिका पुढे आणि ते मागे. ते फाटकाशी पोचले तेव्हा सात वाजून चौदा मिनिटे झाली होती.

‘‘मावशी, उघडा हो. चारच मिनिटं.’’

‘‘चावी सरांकडं हाय, बाबा. आता परिपाठ लागला. मी काय करू?’’

‘‘असू द्या. नियम तो नियम. मी पण गेट बंद करायचो लोकांवर.’’ ते हसण्याचा प्रयत्न करत होते. ‘‘तीन मिनिटाला अर्धा दिवस कापायचो. माझा राग राग करायचे बिचारे.’’

रुचिका म्हणाली, ‘‘आबा, तुम्हाला घाम किती आलाय.’’

ते फाटकाचा गज धरून उभे राहिले. मग गज धरूनच खाली बसले. समोर दालपकवानची गाडी लावणारे सिंधी काका आपली कढई सोडून धावले. ‘‘मावशी! गेट खोलो! चाचा को पानी दो, अंदर बिठाओ छाँव में!’’

मावशी मैदानाकडे पळाल्या. मुले ओळीत उभी होती आणि सर त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे होते.

‘‘सर, चावी द्या. म्हातारं पडलंय बाहेर.’’

‘‘परिपाठ चालू आहे, दिसत नाही का? रोज एकाला काहीतरी होतंच. आज उघडलं तर उद्या सगळे आठला येतील. संपू दे.’’

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. परिपाठात बातम्या झाल्या, सुविचार झाला, दिनविशेष झाला. मावशींनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा सरांनी खिशातून किल्ली काढून दिली. मध्ये आठ मिनिटे गेली होती. फाटक उघडले तेव्हा बाहेर शंकरराव नव्हते. काकांनी त्यांना एका रिक्षात घातले होते आणि स्वतः सोबत गेले होते. गाडीवरची कढई तशीच उकळत होती. रुचिका दप्तर घेऊन उभी होती. मावशींनी तिला जवळ घेतले, पण सर म्हणाले, ‘‘आधी वर्गात पाठवा तिला. उशीर झालाय.’’

दवाखान्यात पोचण्याआधीच शंकरराव गेले होते. रुचिकाला ते बाराला शाळा सुटल्यावर कळले.

पंधरा दिवसांनी सरांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेला एक पत्र लिहिले. लिहिताना ते मोठ्याने वाचत होते, म्हणून मला ते पाठ आहे. ‘सदर ज्येष्ठ नागरिक वयोमानानुसार वेळेचा घोळ होऊन शाळा भरण्याच्या पावणेदोन तास आधी प्रवेशद्वारापाशी आले होते. त्या वेळी शाळा बंद होती. सबब शाळेचा या घटनेशी संबंध नाही.’ पुरावा म्हणून माझ्या सदुसष्टाव्या पानाची झेरॉक्स जोडली होती.

संस्थेकडून ते पत्र यशोधराच्या हाती पडले. तिने शिक्षण विभागाकडे तक्रार केली. तिने भरपाई मागितली नव्हती, कुणाला शिक्षा द्या असेही म्हटले नव्हते. तिची मागणी एका ओळीची होती. ‘माझ्या वडिलांना वेळ कळत होती, ते चार मिनिटे उशिरा आले होते, असे लिहून द्या.’

चौकशीला तेच साहेब आले. त्यांनी घड्याळ पाहिले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मला टेबलावर मांडले. एका बाजूला सोनटक्के सर बसले, दुसऱ्या बाजूला यशोधरा. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी स्वतःहून तोंड उघडले.

‘‘साहेब, मी सात दहाला कुलूप लावते. रोज लावते. खोटं कशाला बोलू?’’

सर म्हणाले, ‘‘मावशी, तुमच्याकडे घड्याळ तरी आहे का?’’

‘‘घंटा मीच देते नं, सर.’’

‘‘घड्याळ आहे का, एवढंच विचारलं.’’

‘‘नाय.’’

‘‘झालं तर मग,’’ सर साहेबांना म्हणाले. ‘‘आणखी दोन वर्षांनी रिटायर होतायत. आता कसलं घेऊन बसायचं त्यांचं.’’ मावशी समजल्या. त्यांच्या निवृत्तीचे कागद सरांच्याच सहीने जायचे होते.

साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको. आपण मुलीलाच विचारू. लहान मुलं खोटं बोलत नाहीत.’’

रुचिकाला बोलावले. ती आईकडे बघून हसली. साहेबांनी तिला जवळ घेतले.

‘‘बेटा, तुझी शाळा किती वाजता भरते?’’

‘‘नऊ वाजता, सर!’’

तिने ते खणखणीत आवाजात सांगितले. आदल्या दिवशी सगळ्या वर्गाकडून ते वीस वेळा म्हणून घेतले होते आणि जो चुकेल त्याच्या हातावर पट्टी बसली होती. उत्तर दिल्यावर ती पुन्हा आईकडे वळली. आपले बरोबर आले ना, असे तिचे डोळे विचारत होते. यशोधराने तिच्याकडे पाहिले. खोलीतले सगळे यशोधराकडे पाहत होते.

‘‘छान बोललीस,’’ ती म्हणाली. ‘‘जा वर्गात.’’

मग सरांनी मला उघडले आणि सदुसष्टाव्या पानावर बोट ठेवले. ‘‘आणि हे बघा. नऊची वेळ मान्य असल्याची सही. कुणाची आहे ओळखलीत?’’

यशोधराला हे माहीत नव्हते. झेरॉक्समध्ये सही पुसट आली होती. ती वाकून पाहू लागली. तिचा हात पानावर आला, पण तिने सहीला स्पर्श केला नाही. मला वाटले, ती आता रडेल. ती रडली नाही. तिला सहीच्या बाजूचा आकडा दिसला होता.

‘‘साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘इथं सात पंचवीस लिहिलंय. सकाळचे. शाळा नऊला भरत असेल तर सात पंचवीसला या ऑफिसात बसून त्यांनी सही कशी केली? त्यांना ऑफिस कुणी उघडून दिलं होतं, सर?’’

साहेबांनी चष्मा काढून आकडा पाहिला, पुन्हा घालून पाहिला. मित्रांनो, मी इतकी वर्षे समाधानकारक हा शब्द वाहिला. त्या क्षणी माझ्या पानावर एक खरी गोष्ट होती आणि ती वाचली जात होती. मला वाटले, आता साहेबांचे पेन उघडेल.

सोनटक्के सर सावकाश म्हणाले, ‘‘तेच तर मी पत्रात लिहिलंय, साहेब. वेळेचा घोळ. नऊ पंचवीसला सही करतायत आणि लिहितायत सात पंचवीस. बिचारे. तेव्हापासूनच सुरू झालेलं दिसतंय.’’

साहेबांनी मान हलवली. त्यांना बरे वाटल्यासारखे दिसले. ‘‘होतं असं या वयात. माझ्या वडिलांचं पण शेवटी असंच झालं होतं.’’

‘‘एकतीस वर्षं टाइमकीपर होते ते,’’ यशोधरा म्हणाली.

‘‘म्हणूनच वाईट वाटतं, मॅडम.’’

आणि त्यांनी लिहिले. सदुसष्टाव्याच पानावर, खालच्या कोऱ्या जागेत. ‘चौकशी केली. विद्यार्थिनी, मुख्याध्यापक व अभिलेख यांवरून शाळेची वेळ नऊ असल्याचे स्पष्ट होते. कै. शंकरराव यांना वेळेचे भान राहत नसल्याचे त्यांच्याच हस्ताक्षरावरून दिसते. तक्रारीत तथ्य नाही.’ त्यांचे अक्षर सुंदर होते. शाईही चांगली होती. ती माझ्या कागदात खोलवर उतरली.

यशोधराने उठताना एकच विचारले. ‘‘साहेब, एकदा सकाळी सातला येऊन फाटकासमोर उभे राहाल का? कुणाला न सांगता?’’

‘‘माझं ऑफिस पावणेदहाला सुरू होतं, मॅडम,’’ साहेब म्हणाले. त्यात रागावण्यासारखे त्यांना काही वाटले नव्हते. ‘‘वेळेआधी तपासणी करायचा मला अधिकार नाही.’’

त्यानंतर माझे दिवस पालटले. सोनटक्के सरांनी मला नवे तपकिरी कव्हर घातले, वर प्लॅस्टिक लावले आणि दार घट्ट लागणाऱ्या लोखंडी तिजोरीत ठेवायचे ठरवले. तिजोरी येईपर्यंत मी खिडकीशीच आहे. वाळवी लागू नये म्हणून शेजारी डांबराच्या गोळ्या आहेत. तुमच्या पाठ्यपुस्तकात पुस्तकांना जपा असे लिहिलेले असते. मला असे कुणी कधी जपले नव्हते.

जून उजाडला. यशोधराने दुपारची पाळी मागून घेतली. आता रुचिकाला तीच आणते. दुसरी शाळा मिळाली नाही, म्हणून याच शाळेत, याच फाटकाशी. काल दोघी लवकर आल्या होत्या. आईने मोबाइल तिच्यापुढे धरला.

‘‘किती वाजले, वाच.’’

‘‘सात वाजून दोन मिनिटं.’’

‘‘शाळा कधी भरते?’’

‘‘सात दहाला.’’ मग तिने आवाज खाली आणला. ‘‘पण साहेब आले की नऊ.’’

‘‘नाही. साहेबांना पण सात दहा.’’

‘‘सर मारतील.’’

आईने तिच्या दप्तराचा पट्टा नीट केला आणि तिला आत सोडले. सात दहाला मावशींनी कुलूप लावले. आई फाटकाबाहेर काही वेळ उभी होती.

मित्रांनो, साहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, अकरा वाजता. तिसरीतून चौथीत गेलेल्या मुलांना ते तोच प्रश्न विचारतील. रुचिका काय म्हणेल ते मला माहीत नाही. तिने सात दहा म्हटले, तर ती वर्गात एकटी असेल आणि तिच्या हातावर पट्टी बसेल. मी तर पुस्तक. जो लिहील त्याचे ऐकणे एवढेच माझ्या हाती आहे. तुम्हाला मात्र तोंड आहे. तुमच्यातले कुणी तिच्या बाकाशेजारी बसत असेल, तर त्याला माझी एवढीच विनंती आहे. ती बोलली की लगेच उभे राहा, आणि तुम्हीही सात दहा म्हणा.